रापणीच्या वेळचा हिरवा दिवा

त्या वर्षी नाताळ शुक्रवारी आला आणि शनिवार-रविवार त्याला आयते चिकटले. मग काय, घाटावरची निम्मी माणसं तारकोंडच्या वाळूत येऊन पडली. शनिवारी दहाच्या सुमाराला किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. उंटवाले होते, शहाळीवाले होते, जीन्स पँट घालून समुद्रात उतरणारे शूरवीर होते आणि त्यांचे फोटो काढताना स्वतःच गुडघाभर पाण्यात गेलेले त्यांचे मेव्हणेही होते. समुद्र मात्र शहाण्या मुलासारखा गप्प होता. वारा नव्हता, पाणी निळंशार होतं.

किनाऱ्याच्या मधोमध, चार खांबांवर उभ्या केलेल्या टेहळणीच्या केबिनमध्ये हर्षदा कुबल बसली होती. तारकोंडच्या जीवरक्षकांची ती प्रमुख. ती इथलीच, माहेरची मेतर. माहेर आणि सासर यांच्यामध्ये मोजून चार माड. लहानपणापासून या पाण्यात पोहलेली, पण हल्ली पाण्याकडे तिचं लक्ष कमी आणि समोरच्या पडद्याकडे जास्त असे. तसं ते सगळ्यांचंच झालं होतं.

किनाऱ्यावर दर पन्नास मीटरवर एक खांब होता आणि खांबावर दिवा. हिरवा दिवा असला की खुशाल उतरा, पिवळा असला की गुडघ्यापर्यंतच, लाल म्हणजे बाहेर. चार वर्षांपूर्वी हे दिवे आले आणि तेव्हापासून तारकोंडला एकही माणूस बुडाला नव्हता. त्याआधी दरवर्षी दोन-तीन प्रेतं बाहेर काढावी लागत. लोकांनी दिव्यांवर विश्वास टाकला तो उगाच नव्हे.

या दिव्यांचा मेंदू वाळूखाली होता. वाळूत हातभर खोल, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा एक धागा पुरलेला होता, केसाएवढा बारीक. त्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची ठिणगी सोडली जाई. लाट फुटली की वाळू थरथरते, वाळू थरथरली की धागा नखाच्या हजाराव्या हिश्शाएवढा ताणला जातो, आणि परत येणारा प्रकाश तेवढ्यानेही बदलतो. त्यावरून कुठल्या मीटरवर किती जोराची लाट फुटली हे यंत्राला कळे. म्हणजे यंत्र समुद्र बघत नव्हतं, ऐकत होतं.

आणि ऐकताना ते आवाज शोधत नव्हतं, शांतता शोधत होतं. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे बांध असतात, त्यांच्यावर लाटा फुटतात. किनाऱ्याकडे आलेलं हे सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. बांधाला जिथे खिंडार असतं तिथून ते नदीसारखं आत, समुद्राकडे धावतं. या धावत्या पाण्याला तारकोंडची माणसं ओढ म्हणतात. ओढीवर लाटा फुटत नाहीत. म्हणून वरून बघणाऱ्याला तीच जागा सर्वांत शांत, सर्वांत सुरक्षित वाटते, आणि नेमका तिथेच पोरंबाळं घेऊन माणूस उतरतो. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये गप्प पट्टा दिसला की यंत्र लाल दिवा लावी.

सगळं झकास होतं. फक्त रापणीचा घोळ होता.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगा करून पन्नास-साठ माणसांनी तालात ओढायचे. तारकोंडच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता बाबल मेतर, हर्षदाचा बाप. वय त्र्याहत्तर, पण हाक अशी की सुरूच्या बनापर्यंत ऐकू जाई. रापण लागली की ते ओले दोर आणि एका तालात पडणारी शंभर पावलं वाळूखालच्या धाग्यावरच घासत. यंत्र तो दणका वजा करायला जाई आणि वजाबाकीत लाटांचाही आवाज गमावून बसे. मग त्याला तिथे शांतता दिसे आणि रापणीच्या जागेवरचा, अकरा नंबरचा दिवा लाल होई.

पहिल्या हंगामात हे सारखं व्हायला लागलं. जिल्ह्याचा नियम होता की ज्या कामामुळे वारंवार लाल इशारे येतात ते काम किनाऱ्यावरून हलवायचं. पलीकडच्या दोन गावांच्या रापणी अशाच गेल्या होत्या. बाबल तांडेल रात्री भात तसाच ताटात ठेवून उठे.

हर्षदाच्या पडद्यावर एक चौकोन होता, 'खोटा इशारा'. तो दाबला की यंत्र शिकत असे. मात्र दाबण्याआधी जीवरक्षकाने जागेवर जायचं, जांभळ्या रंगाची पुडी पाण्यात टाकायची, पाच मिनिटं रंग कुठे जातो ते बघायचं आणि मगच नोंद करायची, असा दंडक होता. हर्षदाने तो पाळला, चौदा वेळा. चौदाही वेळा रंग जागच्या जागी पसरला. पंधराव्या वेळी गर्दी होती, तिने केबिनमधूनच चौकोन दाबला. सोळाव्या वेळी बापाची हाक ऐकू येताच दाबला. पुढे तर सवयच झाली. शेवटी यंत्र शहाणं झालं, रापणीच्या तालात शांतता ऐकू आली तरी ते हिरवं राहायला शिकलं. बाबल तांडेल पोटभर जेवायला लागला आणि हर्षदाला आपण काही वावगं केलं असं कधी वाटलं नाही.

त्या शनिवारी अकरा वाजता रापण ओढायला सुरुवात झाली. ओहोटी लागली होती, भरओहोटीला अजून साडेतीन तास होते. पर्यटकांना रापण ओढायची भारी हौस. दीडशे-दोनशे माणसं दोरांना लोंबकळत होती आणि त्यांची बायकापोरं मासे बघायला दोन दोरांच्या मध्ये, कमरेएवढ्या पाण्यात जमली होती. वर अकरा नंबरचा दिवा हिरवागार होता.

हर्षदा चहाचा ग्लास तोंडाला लावता लावता थांबली. दक्षिणेकडच्या दोराला पोक आलं होतं. दोर ओढला की तो ताणून सरळ व्हायला हवा. हा मात्र मध्येच समुद्राच्या बाजूला वाकला होता, पलीकडून कोणी धरून ओढावा तसा. तिने दुर्बीण घेतली. दोराशेजारून फेसाचा एक पट्टा आत, समुद्राकडे चालला होता.

तिने रेडिओवरून लुईसला हाक दिली. लुईस फर्नांडिस तिचा जुना सहकारी, पंचवीस वर्षं या किनाऱ्यावर काढलेला. तो अकरा नंबरपाशीच उभा होता.

"दिवो हिरवो आसा गो," लुईस म्हणाला. "पाणी बघ, कसा तेलासारखा आसा."

पाणी तेलासारखं होतं हीच तर भानगड होती. हर्षदाला दोन दिवसांपूर्वीची सूचना आठवली. दूर दक्षिणेला वादळ झालं होतं आणि त्याच्या लांब लाटा गुरुवारी रात्रभर किनाऱ्यावर येत होत्या. अशा लाटा बांधाला नवं खिंडार पाडतात. पण किनारा बंद करायचा तर हाताने लाल करावं लागणार, आणि हाताने लाल केलं की जिल्ह्याच्या केंद्रात कारण द्यावं लागणार. काय लिहायचं? दोराला पोक आलं? गेल्या वर्षी तिने असाच एकदा स्वतःच्या मनाने किनारा बंद केला होता. काही झालं नव्हतं आणि अख्ख्या गावाने महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता.

तिने ग्लास ठेवला, फळीवरची रंगाची पुडी उचलली आणि शिडीवरून जवळजवळ उडीच मारली. दोन वर्षांत ती पुडी कोणी हातात घेतली नव्हती.

गर्दीतून वाट काढत ती पाण्यात शिरली आणि पुडी फोडली. जांभळा डाग पाण्यावर क्षणभर थांबला, लांबट झाला आणि सरळ रेघेत समुद्राकडे सुटला. माणूस चालेल त्याहून जोरात. हर्षदाच्या पायाखालची वाळूही सरकत होती.

तिने शिट्टी फुंकली. माणसांनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं आणि पुन्हा मासे बघायला लागली. इचलकरंजीचे एक गृहस्थ तर हसून म्हणाले, "मॅडम, दिवा हिरवा आहे की." तिने रेडिओवर केबिनमध्ये मागे राहिलेल्या जीवरक्षकाला सांगितलं, अकरा नंबर हाताने लाल करा. केबिनमधून उत्तर आलं, यंत्र विचारतंय खात्री आहे का, आणि चाळीस सेकंद थांबायला सांगतंय.

ती बापाकडे धावली. बाबल तांडेल दक्षिणेच्या दोराच्या टोकाशी उभा राहून ताल देत होता. तिने फक्त "ओढ" एवढंच म्हटलं. आणि या माणसाने, ज्याने तिला पाच वर्षांची असताना पाण्याचा रंग वाचायला शिकवलं होतं, त्याने आधी मान वर करून दिव्याकडे पाहिलं.

"दिव्याकडे बघू नका, बाबा," ती म्हणाली. "पाण्याकडे बघा."

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की तो विसरणं तिला पुढे कधी जमलं नाही. तेवढ्यात मधल्या पाण्यातून किंकाळी आली.

पाच माणसं एकदम गेली. ते इचलकरंजीचे गृहस्थ, त्यांची बायको, मेव्हणी आणि दोन मुली. कमरेएवढ्या पाण्यात उभी होती ती गळ्याएवढ्या पाण्यात गेली आणि मग पाय टेकेनात. माणूस ओढीत सापडला की किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, दमतो आणि बुडतो. आडवं पोहून ओढीच्या बाहेर यायचं असतं, पण हे त्या वेळी सुचणार कोणाला? लुईस तरंगती नळी घेऊन झेपावला. केबिनवरून ड्रोन उडाला आणि त्याने दोन गोल कडी पाण्यात टाकली. गृहस्थांनी एक धरलं, बायकोने दुसरं. दोराला लोंबकळणारे पर्यटक घाबरून अजून जोरात ओढायला लागले, तसा बाबल तांडेल गरजला आणि दोन्ही दोर थांबले.

लुईसने मेव्हणीला गाठलं. हर्षदा स्वतः थोरल्या मुलीपर्यंत पोचली, तिला मागून काखेत धरलं आणि आडवी पोहत सुटली. धाकटी, नऊ वर्षांची, त्यांच्या पुढे तीस हात वाहत गेली होती. जाळ्याच्या पोटाबाहेर रापणीची होडी होती, तिच्यात दोघे जण होते. पण होडी आणि मुलगी यांच्यामध्ये जाळं होतं, मासळीने भरलेलं, तरंगत्या बोयांनी पाण्यावर उभं. वल्हं त्यात अडकलं असतं. वळसा घालायला वेळ नव्हता.

किनाऱ्यावरून बाबल तांडेलाची हाक आली. "जाळा कापा! आधी माणूस."

होडीवाल्यांनी कोयता चालवला. हंगामाआधी चार महिने सगळ्या रापणकरांनी मिळून विणलेलं जाळं मधोमध फाटलं आणि होडी त्यातून आत घुसली. मुलीचे केस हाताला लागले तेव्हा ती पाण्याखाली होती. तिला किनाऱ्यावर आणलं तेव्हा ओठ काळेनिळे होते. लुईसने तिची छाती दाबायला सुरुवात केली. हर्षदा शेजारी गुडघ्यांवर बसून मनातल्या मनात गावच्या देवीला एकच गोष्ट मागत होती. बावीस वेळा दाबल्यावर मुलीने भडाभडा पाणी ओकलं आणि टाहो फोडला. इतकं गोड रडणं हर्षदाने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

अकरा नंबरचा दिवा केव्हाच लाल झाला होता. आता सगळे त्याचं ऐकत होते.

साडेबाराला जिल्ह्याच्या केंद्रातून देशिंगकर बाईंचा फोन आला. या यंत्राची जबाबदारी त्यांची. त्यांनी हर्षदाचं मनापासून अभिनंदन केलं. यंत्र चुकलं पण माणूस चुकला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि सव्वीस जानेवारीला सत्कार नक्की असंही म्हणाल्या. हर्षदाने विचारलं की चूक कशामुळे झाली असेल. सुट्टी संपली की बघू, बाई म्हणाल्या, कारण तारकोंडच्या यंत्राची शिकवणी तर सर्वांत उत्तम.

"तुमच्याच एकसष्ट नोंदी वापरल्या आपण," त्या कौतुकाने म्हणाल्या. "गेल्या महिन्यात रापण चालते त्या बाकीच्या आठही किनाऱ्यांना त्याच शिकवल्या. तिथले खोटे इशारे एकदम बंद झाले."

हर्षदा 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आठ किनारे. तेच वादळ, त्याच लाटा, तीच गर्दी. अडीचला भरओहोटी, ओढीला सर्वांत जोर तेव्हाच, आणि दुपारच्या रापणी नेमक्या त्या वेळी ओढल्या जातात. आठ ठिकाणी दोन दोरांच्या मध्ये लेकरं उभी राहतील आणि वर दिवे हिरवे असतील. ते हिरवे ठेवायला तिने शिकवलं होतं. चौदा नोंदी खऱ्या होत्या, सत्तेचाळीस नुसत्या दाबलेल्या. त्यातल्या किती वेळा खरंच ओढ होती आणि कोणी त्यात पाय टाकला नाही म्हणून निभावलं, हे आता देवच जाणे.

सांगितलं तर काय होणार हेही तिला पक्कं ठाऊक होतं. नोंदी रद्द होतील. नवी शिकवणी व्हायला अख्खा हंगाम जाईल, तोवर रापणीच्या वेळी दिवे लाल आणि म्हणून नऊही गावांच्या रापणी बंद. तिची नोकरी जाईल ती वेगळीच. आणि न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं. हा 'कदाचित' तिला वीस मिनिटं खुर्चीला जखडून बसला. त्या वीस मिनिटांची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

एकला दहा मिनिटं कमी असताना ती खाली उतरली. बाबल तांडेल माडाखाली फाटकं जाळं पसरून बसला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चौकोन, पुड्या, एकसष्ट, सत्तेचाळीस, आठ किनारे. तो सुई हातात धरून ऐकत राहिला.

"माझ्यासाठी केलंस?" त्याने विचारलं.

ती 'होय' म्हणाली.

"मी तुका तसा करूक सांगितलेलंय? माका कधी विचारलंस?"

त्याने पुन्हा मान खाली घातली आणि सुई जाळ्यात घातली, पण गाठ काही पडेना. मग त्याच्याकडे न बघता तिने तिथेच उभं राहून देशिंगकर बाईंना फोन लावला. बाईंना आधी कळेना, मग विश्वास बसेना आणि मग त्यांचा आवाजच बदलला. त्यांनी एवढंच विचारलं की हे तुम्ही लेखी द्याल का. हर्षदाने हो म्हटलं. सव्वाएकला नऊही किनाऱ्यांवर रापणीच्या जागेचे दिवे लाल झाले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी लुईस धापा टाकत आला. आठही ठिकाणी पुड्या टाकून बघितल्या होत्या. सात ठिकाणी रंग जागच्या जागी राहिला. शिरवेळला तो सरळ रेघेत समुद्रात गेला. तिथे रापणीसाठी म्हणून एका कॉलेजची तीस मुलं पाण्यात उतरलेली होती, त्यांना दिवा लाल झाल्यावर बाहेर काढलं होतं. हर्षदा वाळूत बसली आणि हमसून हमसून रडली. लुईस शेजारी बसून राहिला.

संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं. रापणकरांपैकी कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्या दारावरून जाताना ते नुसते पलीकडे बघत गेले. बाबल तांडेलही त्यांच्यातच होता.

रविवारी गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. झालेला प्रकार ऐकून लोक घाबरतील असं वाटलं होतं, पण उलट तो बघायलाच अजून माणसं आली. अकरा नंबरचा दिवा लाल होता आणि आता काल चुकलेल्या दिव्याचं कोणी ऐकायला तयार नव्हतं. हिरवा खोटा निघतो तर लालही खोटा असेल, असा सरळ हिशेब. जीवरक्षक सहा आणि माणसं काही हजार. हर्षदाचं निलंबनाचं पत्र सोमवारी यायचं होतं, तोवर केबिन तिच्याकडेच होती. शिट्टी फुंकून फुंकून तिचा घसा कोरडा पडला आणि तरीही लोक त्या शांत पट्ट्याकडे सरकत होते.

मग माडांच्या बाजूने रापणकर आले. जाळं फाटलेलं, रापण बंद, तरी रोजच्या वेळेला आले. पुढे बाबल तांडेल, खांद्यावर दोराचं वेटोळं. त्याने दोर उलगडला आणि पाण्याच्या काठाने आडवा धरायला लावला. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे हातभर अंतराने समुद्राकडे पाठ करून उभे राहिले.

"ओढूचो नाय," त्याची हाक केबिनपर्यंत आली. "आज फक्त धरूचो."

साठ माणसं गुडघाभर पाण्यात दोर धरून उभी राहिली आणि किनाऱ्यावरची गर्दी थांबली. एकाने दोराखालून वाकायचा प्रयत्न केला, तर एका म्हातारीने त्याची कॉलर धरून त्याला परत वाळूत उभं केलं. ओहोटी लागत होती. त्यांच्या पाठीमागे, कोणी नसलेल्या पाण्यात, फेसाचा पट्टा गुपचूप समुद्राकडे चालला होता.

थोड्या वेळाने रापणकरांतली एक बाई शिडीखाली येऊन उभी राहिली. वर न बघताच म्हणाली, "दक्षिणेच्या टोकाक एक माणूस कमी पडता, म्हणान तांडेलान सांगल्यान."

हर्षदाने केबिन लुईसच्या हाती दिली आणि ती खाली उतरली. दक्षिणेच्या टोकाला तिचा बाप उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त हातातला दोर थोडा सैल सोडला, तिला धरता येईल इतका.